बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर



आमच्या कोलाड स्टेशनात मालानं भरलेले ट्रक रेल्वेगाडीवर चढवून गोव्याकडे नेतात. कोकण रेल्वेनं १९९९ साली सुरू केलेली ही सोय. गाडी सुटेपर्यंत ड्रायव्हर-क्लीनर सावलीला टेकलेले असतात. एकदा त्यांतला एक कोवळा क्लीनर रिकाम्या डब्यावर ठेका धरून मोकळ्या गळ्यानं गात होता. मला एकदम शाहीर अमर शेख आठवले. एकेकाळी तेही मोटारीवर क्लीनर होते.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. घरात गरिबी, पण आई मुनेरबी यांच्या गळ्यात ओव्या आणि लोकगीतं होती. गाण्याची पहिली शाळा तीच. पुढं गिरणीत मजुरी केली, संप केला, तुरुंग पाहिला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचा डफ गिरणगावातून खेड्यापाड्यांत पोचला.

मी त्यांना ऐकलेलं नाही; माझ्या जन्माआधीच ते गेले. वडिलांनी मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, मुंबईच्या एका सभेत त्यांना ऐकलं होतं. ते सांगत, “अरे, शाहिरानं सूर लावला की घरी निघालेला माणूस पुन्हा मांडी घालून बसायचा.” वडिलांना राजकारण फारसं कळत नसे. पण मंचावर एक शेख उभा आहे आणि हजारो माणसं त्याच्या तोंडून महाराष्ट्राचं गाणं ऐकताहेत, एवढं त्यांना कळलं होतं. ते त्यांनी जन्मभर जपलं.

अमर शेख नुसते गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह त्यांचे, ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांचं. १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ५२. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख याही मराठीतल्याच कवयित्री.

कविसंमेलनानंतर मला अजून कुणीतरी विचारतं, “तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकं चांगलं कसं?” विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. तरी ते लागतं. पूर्वी मी ओशाळून हसायचो. आता सांगतो, माझी आई भात कांडताना गायची. अमर शेखांना मराठी जिथून मिळाली, तिथूनच मलाही मिळाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)