विजेची मोटार आणि दोन भावांचा हिशेब

विजेवर चालणारें वाहन ही मराठी माणसाला नवलाची वस्तु नाहीं. मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची पहिली आगगाडी सुटली. १९३० पासून दख्खनची राणी पुण्यामुंबईची वाट विजेच्या बळावर कापूं लागली. मात्र या साऱ्या वाहनांना वीज तारेंतून मिळे. वाहनानें आपली शिदोरी बरोबर बांधून घ्यावी आणि मुक्कामास पोंचेपर्यंत ती पुरवावी, ही गोष्ट मात्र अलीकडची. आतां पुणें जिल्ह्यांतच, रांजणगांवास विजेच्या मोटारी आणि आकुर्डी-चाकणास विजेच्या स्कूटरी तयार होतात. तेव्हां नवी गाडी घ्यावयाची तर ती विजेची घ्यावी कीं पेट्रोलची, हा प्रश्न शहरांतल्या पुष्कळ घरांतून रात्रीच्या जेवणाच्या वेळीं निघतो आणि बहुधा अर्धवटच राहतो.

तो पुरता सोडवून पाहण्यासाठीं दोन भावांची कल्पना करावी. दोघे मूळचे पळसदेवचे. इंदापूर तालुक्यांतलें हें गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारें १२० किलोमीटरांवर आहे. जुनें पळसदेव भीमेच्या कांठीं होतें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि तें गांव पाण्याखालीं गेलें. लोक वरच्या अंगास येऊन वसले. अवर्षणाच्या उन्हाळ्यांत पाणी हटलें म्हणजे पळसनाथाचें जुनें देऊळ अजून डोकें वर काढतें. भावांची आई नव्या गांवठाणांत राहते. थोरला भाऊ निवृत्त असून कोथरुडास तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची पेट्रोलची गाडी जुनी पण धडधाकट आहे, आणि महिन्याकांठीं आईकडे एक खेप व शहरांतलीं किरकोळ कामें धरून ती वर्षाला ५,००० किलोमीटर चालते. धाकटा हडपसरास स्वतःच्या घरांत राहतो आणि रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरीस जातो. त्याचें जाणेंयेणें रोजचें शंभर किलोमीटर, म्हणजे वर्षाचें २५,००० किलोमीटर होतें. दोघांनाहि एकच विजेची मोटार आवडली आहे.

आधीं पैशांचा हिशेब. बेताच्या आकाराची पेट्रोलची गाडी शहरांत व रस्त्यावर मिळून लिटरला १४ किलोमीटर देते असें धरावें. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेलें आहे, तेव्हां किलोमीटरामागें साडेसात रुपये पडतात. तशाच आकाराची विजेची गाडी, बॅटरी भरतांना जी वीज वायां जाते ती धरून, एका युनिटांत सुमारें ६ किलोमीटर जाते. घरगुती विजेचा दर वापराबरोबर चढत जातो. वरच्या टप्प्यांतलें युनिट अकराबारा रुपयांस पडतें; म्हणजे किलोमीटरास दोन रुपये. रस्त्यावरच्या जलद चार्जरावर हाच खर्च साडेतीनांच्या आसपास जातो, हें विसरूं नये. घरच्या विजेवर किलोमीटरामागें साडेपांच रुपये वांचतात. उलट विजेची गाडी विकत घेतांनाच तीनचार लाख रुपये जास्त मोजावे लागतात. साडेतीन लाखांना साडेपांच रुपयांनीं भागलें कीं चौसष्ट हजार किलोमीटर येतात. तितकी धांव झाल्यावर खरी बचत सुरू होते.

आतां धुराचा हिशेब. विजेच्या गाडीला धुराडें नाहीं, एवढ्यावरून ती निर्मळ ठरत नाहीं. आपल्या देशांत आजहि सुमारें तीनचतुर्थांश वीज कोळसा जाळून निघते. वीजकेंद्रांत एका युनिटामागें सरासरी ७२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. तारांतली गळती जमेस धरली कीं घरांतल्या मीटरावर पडणारें युनिट ८५० ग्रॅमांचें होतें. म्हणजे विजेच्या मोटारीच्या वांट्यास किलोमीटरामागें १४० ग्रॅम येतात. एक लिटर पेट्रोल जाळलें कीं २,३०० ग्रॅम निघतात, आणि तेल उपसून, गाळून, पंपापर्यंत आणण्यांत त्याच्या पांचव्या हिश्शाइतकी भर पडते. चौदा किलोमीटरांनीं भागून हे २०० ग्रॅम होतात. फरक साठ ग्रॅमांचा. तो उपेक्षा करण्याजोगा नाहीं, परंतु जाहिरातींतल्या हिरव्या पानांइतका मोठाहि नाहीं. शिवाय ४० किलोवॉट-तासांची बॅटरी तयार करतांनाच तीनसाडेतीन टन कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. तो साठ साठ ग्रॅमांनीं फेडावयाचा तर पुन्हां साठ हजारांच्या आसपास किलोमीटर लागतात.

पैसा आणि धूर हे दोन हिशेब निरनिराळ्या वाटांनीं निघून एकाच गांवीं पोंचले, हा योगायोग खरा. आंकडे थोडे इकडचे तिकडे केले तर गांव थोडें बदलेल. पण दोन्ही वाटा किलोमीटर विचारतात, ही गोष्ट बदलणार नाहीं. धाकट्या भावास साठ हजारांचा टप्पा अडीच वर्षांत गांठतां येईल. थोरल्यास बारा वर्षें लागतील, आणि बॅटरीची हमी साधारणतः आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरांची असते. थोरल्याची जुनी गाडी वर्षाकांठीं एक टन धूर सोडते. विजेची गाडी सातशें किलो सोडील. या तीनशें किलोंसाठीं त्यानें धडधाकट गाडी मोडींत घालून नवें लोखंड, नवे कांच आणि नवी बॅटरी दारांत उभी करावी, आणि ती आठवड्यांतले पांच दिवस धूळ खात राहावी, हा सृष्टीवर उपकार म्हणतां येत नाहीं. थोरल्याला हें ऐकावयास रुचणार नाहीं. पुष्कळांना विजेची गाडी हवी असते ती नवी गाडी हवी असते म्हणून. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, मात्र तिला पुण्यकर्म म्हणूं नये.

पुढें वीज कशी येते यावर बरेंच अवलंबून आहे. सूर्य आणि वारा यांच्यापासून होणारी वीज वाढत आहे. बसविलेल्या एकंदर क्षमतेंत कोळसा-तेलाव्यतिरिक्तच्या साधनांचा वांटा २०२५ सालीं निम्म्यावर गेला, जरी प्रत्यक्ष निर्मितींत तो अजून बराच मागें आहे. आज घेतलेली विजेची गाडी दरवर्षीं थोडी अधिक निर्मळ होत जाईल, तर पेट्रोलची होणार नाहीं, हें धाकट्याच्या बाजूनें बोलावयास हवें. त्याचें घर स्वतःचें असल्यामुळें तो छपरावर सौर पत्रे बसवून दिवसाची वीज वीजमंडळाच्या जाळ्यांत जमा करूं शकतो आणि रात्रीं वापरूं शकतो. थोरल्यास छप्पर नाहीं. तळमजल्यावरच्या सामाईक जागेंत आपल्या मीटरावरून एक सॉकेट ओढावयाचें तरी सोसायटीच्या दोन बैठका होतात आणि शेजाऱ्याला आगीची भीति वाटते.

येथें एक जुनें देणें आठवतें. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, तो ज्या धरणाविरुद्ध, तें मुंबईस वीज पुरविण्यासाठीं होतें. मुंबईस धुराविना शक्ति मिळाली. मुळशीच्या भातखाचरांवर पाणी आलें. उजनीचें धरण मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठीं बांधलें, त्याच्या पायथ्याशीं वीज थोडीच, १२ मेगावॉट, होते. तरी ऊंसाच्या हिरव्या रानामागें एक बुडालेलें गांव असतें, हें पळसदेवच्या माणसास सांगावें लागत नाहीं. विजेचेंहि तसेंच आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पेट्रोलची गाडी जाऊन विजेची आली कीं तेथील दुकानदाराच्या व शाळकरी मुलाच्या नाकांतोंडांत जाणारा धूर खरोखरीच कमी होतो, आणि दाट वस्तींत हा लाभ मोठा आहे. पण त्यांतला बराचसा धूर नाहींसा न होतां चंद्रपुरास जातो. तेथील औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटांचें आहे, आणि त्याच्या राखेखालीं राहणाऱ्या माणसानें पुण्यांतली मोटार पाहिलेलीहि नसेल. बॅटरीचा कोबाल्ट बहुतांशीं आफ्रिकेंतल्या कांगोंतून येतो. कांहीं नव्या बॅटऱ्यांत तो वापरीत नाहींत, ही त्यांतली बरी बातमी. वापरून संपलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे.

मग सोयीचा प्रश्न. कंपनी कागदावर जो पल्ला लिहिते त्यांतून तिसरा हिस्सा वजा करण्याची संवय खरेदीदारानें लावून घ्यावी. उन्हाळ्यांत थंड हवेचें यंत्र लावून, चार माणसें बसवून मध्यम बॅटरीची गाडी दोनशें-सव्वादोनशें किलोमीटर जाते. पळसदेवास जाऊन त्याच दमांत परत येणें जोखमीचें. सोलापूर रस्त्यावर उपाहारगृहांच्या आवारांत आतां चार्जर दिसूं लागले आहेत, पण यंत्र बंद असणें किंवा पुढें दोन गाड्या उभ्या असणें हा अनुभव दुर्मिळ नाहीं. खरा उपाय आईच्या घरीं आहे. फ्रिज-गीझरासाठीं असतें तसें पंधरा अँपिअरचें साधें सॉकेट तासाला सुमारें तीन युनिट देतें. सात तासांच्या झोपेंत वीस युनिट, म्हणजे परतीची वाट भागते. घर गांवठाणाच्या फीडरवर असल्यानें हें जमतें. तेंच घर मळ्यांतल्या वस्तीवर, शेतीपंपांच्या फीडरवर असतें तर पुरा दाब ठराविक तासच मिळाला असता, आणि तोहि कधीं दिवसा तर कधीं रात्रीं.

थोरल्याच्या गरजा मात्र निराळ्याच वाहनांनीं भागतात. शहरांतल्या भाजीपाल्याला, बँकेला व वाचनालयाला विजेची स्कूटर पुरते. ती एका युनिटांत तीस किलोमीटर जाते आणि तिची बॅटरी मोटारीच्या बॅटरीच्या दहाव्या हिश्शाएवढीच असते. आणि गांवास जावयाचें तर एस.टी. आहे. १ जून १९४८ रोजीं एस.टी.ची पहिली गाडी अहमदनगर-पुणें अशी धांवली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. परंतु शिवाईची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. डिझेलवर चालणारी जुनी लाल गाडी लिटरला साडेचार किलोमीटर जाते असें धरलें, आणि तींत चाळीस उतारू असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास किलोमीटरामागें अठरा ग्रॅम धूर येतो. विजेच्या मोटारींत एकटा बसलेला गृहस्थ एकशेंचाळीस ग्रॅमांचा धनी असतो. चौघे बसले तरी पस्तीस-पस्तीस येतात. खिडकीच्या खडखडाटासकट लाल गाडीच सरस ठरते. अर्थात् आईला मध्यरात्रीं दवाखान्यांत न्यावयाचें असेल तेव्हां एस.टी.चें वेळापत्रक कोणी पाहत नाहीं. म्हणून थोरल्यानें जुनी गाडी विकूं नये.

तेव्हां विजेची मोटार धाकट्यानें घ्यावी, आणि महिन्याची खेप थोरल्या भावाला व वहिनींना बरोबर घेऊन त्याच गाडींतून व्हावी. एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीं ठरवून घ्यावयास हवी. आईचा एकटीचा वीजवापर महिन्याला शंभर युनिटांच्या आंतबाहेर असतो. महिन्यांत दोन मुक्काम पडले तर चाळीस युनिटांची भर, तीहि वरच्या दरानें, म्हणजे चारसाडेचारशें रुपये वाढीव बिल. तें आईनें भरावें असें दोघांपैकीं कोणालाच वाटणार नाहीं. पण मीटर आईच्या नांवावर आहे, आणि ती मागणार नाहीं.