पहिला हात : शाई आणि पाणी



शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या आणि रंगपेटी माळ्यावर गेली, अशी मंडळी या सभेत पुष्कळ असतील. त्यांनी पन्नाशीत पुन्हा कुंचला हाती घ्यावा काय, एवढाच आमचा आजचा विषय आहे. घ्यावा, असे आमचे मत आहे. आणि आरंभ शाई व जलरंग यांनीच करावा. पसारा थोडा, आणि लोकलच्या वेळा सांभाळणाऱ्यालाही अर्ध्या तासात काही हाती लागते.

ही दोन साधने तशी भावंडेच. पोथ्या लिहिणारे काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करीत. जलरंगाची पूडही डिंकातच बांधलेली असते. (दांडेकर बंधूंनी १९३१ साली धंदा मांडला तो शाईचाच; उंटाच्या छापाच्या रंगपेट्या मागाहून आल्या.) मात्र चित्रासाठी शाई घ्यावयाची ती वाळल्यावर न विरघळणारी. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. रेघ ओढावी, पुरती वाळू द्यावी, वरून ओला कुंचला फिरवावा. रेघ हलली नाही तर शाई पक्की.

जलरंगातला खरा उजेड कोऱ्या कागदाचा असतो. तैलरंगात काळोखावर उजेड चढविता येतो. येथे तो आधीच राखून ठेवावा लागतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याच्या नावावर घालतात. रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५ च्या सुमाराचे, तेही जलरंगातले, आणि समोर उभी होती चित्रकाराची स्वतःची कन्या. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो तांबूस प्रकाश पाहावा, म्हणजे राखणे म्हणजे काय ते कळते.

नवशिक्याचे घोडे अडते ते हातापाशी नव्हे, कागदापाशी. पाठकोऱ्या कागदावर हिशेब करण्यात आपले आयुष्य गेलेले. तीनशे ग्रॅमचा जाड कागद पुढे आला की जीव धजत नाही. पातळ कागद पाण्याने सुरकुततो, म्हणून जाड हवाच. यावर उपाय साधा आहे : एका ताव्याचे आठ तुकडे करावेत. नासला तर अष्टमांश नासला! पाटी किंचित उतरती धरावी, भरल्या कुंचल्याने आडवा पट्टा ओढावा, खाली साचलेला रंगाचा ओघळ पुढच्या पट्ट्यात घ्यावा. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा पाणी सोडले, तर फुलकोबीसारखा डाग उमटतो. वैशाखात रंग पाहता पाहता सुकतो. आषाढात ताटकळत बसावे लागते. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा मनात असेल त्याहून एक छटा गडद लावावी.

विषयासाठी काश्मीरला जाणे नको. मांजर्लीजवळ उल्हास नदी आहे, लांब चंदेरीचा सुळका आहे. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ पर्यंत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. त्या शेतांची चित्रे कितीजणांनी काढून ठेविली? जे बांध, जी झाडे अजून शिल्लक आहेत, ती येत्या रविवारी सकाळी शाईने उतरवून घ्या. रंग एकच पुरे, निळा किंवा मातकट. आणि पाण्याची भांडी दोन न्या, एक कुंचला धुण्यास व एक स्वच्छ पाण्याचे.