मेळ आणि मान



संगीतावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. मी गवई नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. नाटे गावच्या भजनात टाळ धरला, एवढेच भांडवल.

१९२७ साली गोव्यात माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवीत आणि वाद्यवृंदाची मांडणी लिहून देत. प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. सारंगावर त्यांनी व्हायोलिन कंचेर्टो रचला.

हे काम किती अवघड, ते पाहा. पाश्चात्त्य मेळात षड्ज, गंधार, पंचम असे तीन स्वर एकदम वाजवितात. पण वृंदावनी सारंगात गंधारच वर्ज्य! घातला तर राग मोडतो, गाळला तर मेळ पोकळ वाटतो. शिवाय आपला गवई मींड घेत उत्स्फूर्त चालतो; तिकडे प्रत्येक वादकापुढे लिहिलेला कागद असतो. म्हणजे नुसती दोन वाद्ये शेजारी बसविल्याने मिलाफ होत नाही. रागाचे नियम पाळून प्रत्येकाला वेगळी ओळ लिहून द्यावी लागते.

तो वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक येई. वाजविणारे आणि मांडणी लिहिणारे बहुधा अंधारात राहत. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात प्यारेलालनी गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशाला पाठ झाले; माणूस मात्र थोड्यांनाच ठाऊक होता. २०१२ साली ते निवर्तले.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी माझी चूक सांगतो. आमच्या कलापथकाच्या पत्रकावर मी पुढाऱ्यांची नावे छापली, ढोलकीवाल्याचे विसरलो. तो म्हणाला, “दादा, मजुरी मिळाली, पण मी तिथं होतो, हे घरी कसं दाखवू?” मला उत्तर देता आले नाही.

मित्रहो, संगीताचा मेळ अवश्य घाला. पण प्रत्येक स्वराला जसे स्थान, तसे प्रत्येक हाताला नाव द्या.