३०० शब्दांचा निबंध आणि मावशींचा मुलगा

आजचा भाग जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, गॅजेट नाही, मुलाखतीच्या टिप्स पण नाहीत. मी बी.टेक. केलंय, कायदा नाही, त्यामुळे जे वाचलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

१९ मे २०२४. रविवार. पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास एका भरधाव पोर्शेनं बाईकला उडवलं. बाईकवरचे दोघंही गेले. दोघंही २४ वर्षांचे, दोघंही सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी तेव्हा खराडीत राहायचो. रात्रीचं काम संपवून त्याच भागातून कितीदा घरी आलोय. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध आणि १५ दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम.

मी काय केलं? मीम बनवला. 'प्रॉडक्शन पाडलंत? मॅनेजरला ३०० शब्दांचा निबंध द्या.' ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. खरं तर हसू नव्हतंच ते, राग होता.

मग काही महिन्यांनी आमच्या पोळ्यावाल्या मावशी एक दिवस आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या रडतच. त्यांचा मुलगा, अकरावीतला, सोळा वर्षांचा. त्यानं आणि दोन दोस्तांनी गल्लीतली एक बाईक उचलली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि रस्त्याकडेला सोडून दिली. पोलिसांनी तिघांनाही पकडलं. मुलाचं नाव सांगणार नाही, वस्ती पण नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, कलम ७४. काही तपशील मी मुद्दाम बदललेत.

मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्हाला इंग्रजी येतं. याल का माझ्यासोबत?"

आता बघा, माझ्या डोक्यात कोर्ट म्हणजे सिनेमातलं कोर्ट. उंच खुर्ची, पिंजरा, 'ऑर्डर ऑर्डर'. बाल न्याय मंडळ तसं नसतं. नियमच आहे की ते कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात भरवायचं नाही. ते भरतं निरीक्षणगृहात, त्याच्या जवळपास किंवा तशाच एखाद्या जागी. उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, मुलाला बेड्या तर नाहीच नाही. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात निदान एक बाई. मला अर्थातच आत सोडलं नाही, मी बाकावर बसलो. मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, बँकेत असतं ना, तसं टेबल होतं. मॅडमनी त्याला विचारलं, जेवलास का."

तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला गुन्हा या कायद्यात 'किरकोळ' धरतात. त्यात मुलावर सहसा एफआयआर करत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरची माहिती लिहून मंडळाकडे पाठवायची. हे मला त्या बाकावर बसून मोबाईलवर वाचताना कळलं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

पण खरं काम झालं ते परिविक्षा अधिकाऱ्यांचं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचं. त्या मावशींच्या खोलीवर आल्या. शाळा कुठली, मित्र कोण, वडील काय करतात, घरात पैसे कोणाच्या हातात असतात. तासभर बसल्या. आणि मग कळलं की पोरगा दोन महिने कॉलेजला गेलाच नव्हता. बसच्या पासचे पैसे वडिलांच्या औषधाला गेले होते. त्यानं आईला सांगितलं नाही आणि सकाळी डबा घेऊन बाहेर पडत राहिला. मावशींना माहीत नव्हतं. रोज आमच्या ओट्याशी उभ्या असायच्या, आम्हाला तरी कुठं माहीत होतं. आम्ही ऑफिसात याला 'रूट कॉज' म्हणतो आणि त्यासाठी चार मीटिंगा घेतो.

मंडळानं शेवटी काय केलं? समज दिली, समुपदेशन लावलं आणि दोन महिने दर रविवारी एका वृद्धाश्रमात काम. कायद्याचं कलम १८ बघा. समज देऊन घरी पाठवण्यापासून ते जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहापर्यंत पर्याय आहेत आणि त्यात ही सामुदायिक सेवा मधेच कुठंतरी बसते. चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी. बागेची देखभाल, म्हाताऱ्यांची सेवा, दवाखान्यात मदत, वाहतुकीला हातभार, अशी कामं. मोठ्यांच्या काही किरकोळ गुन्ह्यांना ही शिक्षा १ जुलै २०२४ पासून, नव्या न्याय संहितेत आली. मुलांच्या कायद्यात ती २००० सालापासून आहे.

पहिल्या रविवारी त्यानं झाडू मारला आणि तोंड पाडून परत आला. दुसऱ्या रविवारी एका आजोबांनी त्याला पेपर वाचून दाखवायला बसवलं. हा अडखळायचा, आजोबा ओरडायचे, "जोडाक्षर खाऊ नकोस!" तिसऱ्या रविवारी हा गेलाच नाही. तिथल्या ताईंनी लगेच कळवलं, मावशींना मंडळापुढं बोलावणं आलं आणि त्यांचा अजून एक खाडा पडला. चार घरची कामं, चारही घरी पैसे कापले. आमच्या घरी नाही कापले, पण हे सांगून मी मोठेपणा घेत नाहीये, आमच्या डोक्यात ते आधी आलंच नव्हतं. त्यानंतर मात्र त्यानं एकही रविवार चुकवला नाही. शेवटी शेवटी तो आजोबांना मुलीशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचा.

लगेच 'वाह' म्हणू नका. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या मुलाला एका कार्यालयात पाठवलं होतं. तिथं त्याला कोणी काम दिलंच नाही. कोपऱ्यात बसायचा, मोबाईल बघायचा, वहीत सही घ्यायचा, घरी. कायदा तोच, आदेशही तसाच. फरक एवढाच की वृद्धाश्रमात त्या ताई होत्या आणि इथं कोणीच नव्हतं.

आता परत त्या निबंधाकडे. आपण सगळे त्याला 'शिक्षा' म्हणत होतो. ती शिक्षा नव्हतीच, जामिनाच्या अटी होत्या. मंडळाची बैठक नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यासमोर हजर करता येतं, तसंच त्या रविवारी झालं. मला आता वाटतं की घोळ निबंधात किंवा वाहतूक पोलिसांसोबतच्या कामात नव्हता. ते काम कधी आलं, यात होता. मावशींच्या मुलाला झाडू मिळाला तो सगळं विचारून झाल्यावर, घरी जाऊन आल्यावर. इथं दोन माणसं मेलेली आणि काही तासांतच अटी तयार. आमच्या भाषेत, रिव्ह्यू न होताच कोड मर्ज.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. लोक चिडले, २२ मे रोजी मंडळानं त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला हायकोर्टानं ते बेकायदा ठरवून सोडायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ म्हणून चालवायची पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली. सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ धरायचं तर गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच सांगितलं होतं आणि सदोष मनुष्यवधाच्या कलमात तसा किमान आकडा नाही.

हे मला पटलं का? वाचून कळलं. पटलं का, विचारू नका. त्या दोघांच्या आईवडिलांसमोर बसून मला हा भाग रेकॉर्ड करता आला नसता. आणि जो दरवाजा मी मीममध्ये बंद करायला निघालो होतो, त्याच दरवाजातून मावशींचा मुलगा बाहेर आला, हेही मला खोडता येत नाही. मीम मी डिलीट केला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परवा मावशींनी विचारलं, "दादा, ते मंडळाचे कागद जपून ठेवू का? उद्या नोकरीला लागतील." मी म्हटलं, नाही मावशी. अशा प्रकरणात त्याला पुढं कुठंही अपात्र धरत नाहीत आणि ठरावीक मुदतीनंतर मंडळसुद्धा आपलं रेकॉर्ड नष्ट करतं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग तुम्ही तरी कशाला सगळ्यांना सांगताय?" त्यांना विचारून, त्यांना ऐकवूनच हा भाग टाकतोय. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली.

तुमच्या ओळखीत वृद्धाश्रम, वाचनालय, दवाखाना चालवणारं कोणी असेल आणि रविवारी एखाद्या मुलाकडे खरंच लक्ष द्यायची तयारी असेल, तर तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. आणि कुठलंही मूल अडचणीत दिसलं तर १०९८, फोन फुकट लागतो. भेटू पुढच्या भागात.