हृदयरोगी विद्यार्थी आणि औषधाचा नेम
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



हृदयरोग हा उतारवयाचा आणि सुखवस्तू शहरवासीयांचा विकार होय, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकारोग्याचे कार्य करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, ऐन मध्यमवयात, हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी आपला जीवनक्रम कसा पालटला, याचे कथन २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकात आहे. हृदयरोग्याचे जीवन एका दिवसाच्या उपचाराने नव्हे, तर रोजच्या नेमाने सावरते. वर्गात बसणाऱ्या बालकासही हे तितकेच लागू पडते.

५ ते १५ वर्षे या वयात साध्या घसादुखीचे निमित्त पुरते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा सुजतो. त्यावर वेळीच पुरता उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो आणि गुडघा, घोटा, कोपर असे सांधे एकामागून एक दुखू लागतात. यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे पूर्ववत होतात. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा मागे राहू शकते. ताप उलटला की ती इजा वाढते. मग मूल थोडे धावताच धापा टाकते, लवकर थकते, रात्री उशाला आधार घेऊन निजते.

ताप उलटू नये म्हणून दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. हे औषध बिघडलेली झडप दुरुस्त करीत नाही. ते पुढील हानी टाळते. त्यामुळे त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही, आणि घोटाळा येथेच होतो. मूल खेळते-बागडते आहे, मग सुई कशाला, असे पालकांस वाटते आणि पाळी चुकते.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात पाळी चुकण्यास इतरही कारणे आहेत. मोहफुले वेचण्याचे दिवस, तेंदूपत्त्याचा हंगाम, भाताची रोवणी यांत सारे घर कामात गुंतते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग अनेकदा बंद पडत आला आहे. निवासी शाळेतील मूल सुट्टीत गावी गेले की औषधाची चिठ्ठी शाळेतच राहते.

अशा वेळी शिक्षकाचे साह्य मोलाचे ठरते. इंजेक्शनचा दिवस हजेरीपटाशेजारी लिहून ठेवावा. तीन आठवड्यांची पाळी असल्यास ‘दर तिसऱ्या बाजाराला’ असे सांगितले, तर निरक्षर मातेच्याही ध्यानात राहते. दिवस चुकलाच, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता मुलास लवकरात लवकर आरोग्य केंद्रात पाठवावे. पुरात मार्ग बंद झाल्यास काय करावे, हे पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांस विचारून ठेवावे. सुट्टीत चिठ्ठी मुलाबरोबर द्यावी. औषध देणे वा थांबविणे हा मात्र डॉक्टरांचाच अधिकार होय.

घरचे लोक मुलाला पुजाऱ्याकडे नेत असतील, तर त्यांचा उपहास करू नये. इंजेक्शन तेवढे सोडू नका, असे विनवावे. मुलास वर्गात आजारी म्हणून वेगळे बसवू नये. खेळ किती झेपेल ते डॉक्टरांकडून जाणून घ्यावे. धाप लागल्यावर मात्र बळे धावावयास लावू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची तपासणी होते आणि हृदयविकारांचाही तीत समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी नेमके तेच मूल गैरहजर राहणार नाही, याची दक्षता घ्यावी. ज्याला कामचुकार वा आळशी म्हटले जाते, त्या मुलाच्या छातीस एकदा डॉक्टरांची नळी लागू द्यावी.

झडप एकदा पुरती निकामी झाली, तर दूरच्या शहरातील शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. ती वेळ टाळण्याचे साधन जवळच्या आरोग्य केंद्रात आहे. मूल ठरल्या दिवशी तेथपर्यंत पोहोचले पाहिजे.