परभाषेच्या घरी

(ज्ञातिमंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती समितीकडे यंदा एका मुलीचा अर्ज आला होता. मेक्सिको देशात एका कुटुंबात राहून तेथील शाळेत स्पॅनिश भाषा व लोकजीवन यांचे अध्ययन करावे, अशी तिची इच्छा आहे. ‘हे शिक्षण नव्हे, प्रवास होय,’ असा शेरा मारून अर्ज परत केला गेला. समितीत आम्हीही होतो, आणि त्या दिवशी गप्प राहिलो. आज बोलावयाचे ते त्या मौनाची भरपाई म्हणून.

परभाषा पुस्तकावरून येते, हा समज निदान या शहराने तरी बाळगू नये. १९४८ पूर्वीच्या निजामी अमलात आपल्या वाडवडिलांचे वरचे शिक्षण उर्दूतून झाले. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ मुळातच उर्दू माध्यमाचे. आणि मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य कित्येक वर्षे याच शहरातून चालविले. ती सक्ती होती, आणि तीत मराठीची झालेली उपेक्षा आम्ही विसरलेलो नाही. परंतु गणित, इतिहास, कोर्टकचेरी सारे त्या भाषेतूनच करावे लागल्यामुळे ती त्यांच्या अंगात मुरली. स्वतःच्या घरास ते ‘गरीबखाना’ म्हणत व दुसऱ्याच्या घरास ‘दौलतखाना’. हे त्यांस कोणत्या व्याकरणाने शिकविले होते?

आता गंमत पाहा. मेक्सिकोतही रीतभात जाणणारा मनुष्य स्वतःच्या घराचा उल्लेख ‘आपले घर’, म्हणजे ऐकणाऱ्याचे घर, असा करतो, आणि नवखा पाहुणा गोंधळून जातो. वडीलधाऱ्याने हाक मारली असता ‘काय?’ न म्हणता ‘मांदे’, म्हणजे ‘आज्ञा करावी’, असे म्हणावयाचे. आपल्या ‘तू’ला तिकडेही ‘तू’च म्हणतात, आणि आदरार्थी ‘उस्तेद’. कोणास कोणते संबोधन शोभते, हे चार माणसांत वावरल्यावाचून उमगत नाही.

तीच गोष्ट स्वयंपाकघराची. तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवितात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात व त्याची तोर्तिया, म्हणजे आपल्या भाकरीची बहीणच, भाजतात. चुन्याच्या या संस्कारामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास लाभते. मका आणि मिरची ही दोन्ही मूळची तिकडची. आज आपल्या सिल्लोडकडील कित्येक शेतकऱ्यांचा संसार त्यांवर चालतो. पीक समुद्र ओलांडून आले, चुन्याची युक्ती मात्र मागेच राहिली. बियाणे पोत्यात भरून आणता येते. रीत आणावयाची तर त्या चुलीपाशी बसून तिची भाषा ऐकणारे कोणी असावे लागते.

असे कोणी आपल्यातून गेले नाही काय? वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे गेले. १९२० नंतरच्या दशकात ते मेक्सिकोस पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले, मक्याच्या जातींवर त्यांनी संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. शेतकऱ्यास बियाणे समजावून सांगावयाचे ते त्याच्याच भाषेत, हे निराळे सांगावयास नकोच. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांस स्थान दिले. १९६७ साली नागपुरास त्यांचे निधन झाले. चापिंगो येथे त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला. त्यांस कोणत्या ज्ञातिमंडळाने शिष्यवृत्ती दिली होती, हे येथे न विचारलेले बरे.

‘याने पोट भरेल काय?’ असे समितीत विचारले गेले. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे, आणि अजिंठा-वेरूळ पाहावयास येणाऱ्यांत ती बोलणारेही असतात. परदेशीयांस भाषा शिकविण्याचे कार्य मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९२१ सालीच आरंभिले; तेव्हा हा काही पोरखेळ नव्हे. दुसरी शंका मुलगी एकटी परक्या घरी कशी राहील, ही. मुलाचा अर्ज असता तर ती निघाली असती काय, हे प्रत्येकाने आपल्याशीच पाहावे.

तो अर्ज पुढील सभेपुढे पुन्हा ठेवण्यात यावा, अशी आमची सूचना आहे. प्रवासखर्चाचा एक हिस्सा आम्ही स्वतः देऊ. उरलेला मंडळाने द्यावा.