सात घरांचे गाव

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, पश्चिमेकडील मांगाराई नावाच्या डोंगराळ मुलखात, देंगे या वस्तीपासून पायवाट जंगलात शिरते. सुमारे तीन तासांची चढण संपली की झाडी एकाएकी मागे सरते आणि अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा हिरव्या पठारावर सात शंकूच्या आकाराची घरे अर्धवर्तुळात उभी असलेली दिसतात. हेच वाए रेबो. ‘वाए’ म्हणजे पाणी. बेटाचे नाव मात्र तेथल्या लोकांनी ठेवलेले नव्हे. फ्लोरेस म्हणजे फुले. आणि हे नाव दिले ते पोर्तुगीजांनी, ज्यांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी गोव्यात होती. 1859 साली त्यांनी या बेटावरील आपला हक्क डचांच्या स्वाधीन केला. या घडामोडींचा वाए रेबोशी संबंध आला तो फारच थोडा. डोंगर तेवढा उंच होता.

गावाची परंपरा सांगते, की मारो नावाचा मूळपुरुष आपल्या कुटुंबासह ठिकठिकाणी भटकत अखेर येथे स्थिरावला, आणि त्याचे पूर्वज दूर सुमात्रातील मिनांगकाबाऊ प्रदेशातून आले होते. एका संकटात उदमांजराने या कुळाला वाचविले, म्हणून उदमांजराचे मांस येथे निषिद्ध मानतात. मारोपासून आजवर अठरा-वीस पिढ्या झाल्या, असा हिशेब गावकरी देतात. आख्यायिकेचा इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खरी: हे लोक आपला वंश घरांच्या रूपाने मोजतात. घरे सात, आणि ती सातच राहिली पाहिजेत.

या घराला ‘म्बारू नियांग’ म्हणतात. उंची सुमारे पंधरा मीटर. लाकूड आणि बांबू यांचा सांगाडा वेताने आवळून बांधलेला, खिळा नाही. शाकारलेले छप्पर टोकापासून थेट जमिनीजवळ उतरत असल्यामुळे बाहेरून भिंत म्हणून दिसतच नाही. आत एकावर एक असे पाच मजले. तळमजला, म्हणजे ‘लुतुर’, माणसांच्या वास्तव्याचा. त्यावरील ‘लोबो’वर धान्य आणि नित्याचे सामान. तिसऱ्या ‘लेंतार’वर पुढील पेरणीचे बियाणे. चौथ्या ‘लेम्पा राए’वर दुष्काळासाठी राखून ठेवलेला साठा. आणि अगदी शिखराखाली, ‘हेकांग कोदे’वर, पूर्वजांना वाहावयाचा नैवेद्य. आजचे जेवण, उद्याची पेरणी, परवाचा दुष्काळ आणि मागे होऊन गेलेली माणसे, या सर्वांची व्यवस्था एकाच छपराखाली लावणारी अशी वास्तू क्वचितच आढळेल. मध्यभागी चूल असते. तिचा धूर वर चढत जातो तो व्यर्थ जात नाही. धान्य, लाकूड आणि छप्पर यांना तो कोरडे ठेवतो, कीड लागू देत नाही. चूल विझली की घर कुजू लागते. म्हणजे हे घर टिकविण्याचा उपाय एकच, त्यात राहणे.

मुख्य घर ‘गंदांग’, म्हणजे नगाऱ्याचे घर. गावाचे पवित्र ढोल आणि घंटा तेथे असतात. त्यात आठ कुटुंबे नांदतात, इतर सहा घरांत प्रत्येकी सहा. हिशेब केला तर चव्वेचाळीस कुटुंबांची जागा भरते. लोकसंख्या वाढली, घरे वाढली नाहीत. मग वाढत्या कुटुंबांनी डोंगर उतरून खाली कोम्बो येथे दुसरी वस्ती केली. शाळाही तेथेच. त्यामुळे वाए रेबोत जन्मलेले मूल शाळेच्या वयाचे झाले, की ते खाली जाते आणि सुट्टीत घरी परतते. पुष्कळदा आईही त्याच्याबरोबर खाली राहते. एकाच गावाची अशी दोन शरीरे झाली आहेत: वर घरे आणि पूर्वज, खाली मुले आणि पाटी-पुस्तक.

ही घरेही एकदा जाण्याच्या बेतात होती. अनेक कुटुंबांनी एकत्र, धुराने भरलेल्या घरात राहणे आरोग्याला घातक, अशी डच अंमलदारांची समजूत होती. मांगाराईत अशी मोठी घरे सोडून लहान घरे बांधण्याचा आग्रह धरला गेला, आणि स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी फारशी बदलली नाही. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही; धूर डोळ्यांना झोंबतोच. पण एकामागून एक गावांतून ही वास्तू नाहीशी झाली. 2008 साली जाकार्ताचे वास्तुशिल्पी योरी अंतार आपल्या सहकाऱ्यांसह वाए रेबोला पोहोचले, तेव्हा सातांपैकी चारच घरे उभी होती.

पुढे जे घडले त्यातील मर्म पैसा मिळाला यात नाही. तो जाकार्तातील दात्यांकडून मिळाला. मर्म हे, की शहरातील तज्ज्ञांनी आराखडे काढून घरे बांधून दिली नाहीत. बांधणारे गावकरीच होते. वास्तुकलेचे विद्यार्थी जवळ बसून नोंदी करीत होते. असे घर कसे उभारावे हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. ते वृद्धांच्या हातांत होते, आणि नवे घर उभारण्याची वेळ आल्याखेरीज ते तरुणांच्या हातांत उतरणार नव्हते. 2011 पर्यंत सातही घरे पुन्हा उभी राहिली. 2012 साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कार्याला दिला आणि 2013 साली आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठी त्याची प्राथमिक निवड झाली.

त्यानंतर प्रवासी येऊ लागले. आलेल्या पाहुण्याला प्रथम नगाऱ्याच्या घरात जावे लागते. तेथे गावातील वडीलधारा पूर्वजांना त्याची वर्दी देतो आणि त्याच्यासाठी संरक्षण मागतो. हा विधी होईपर्यंत छायाचित्र घेणे वर्ज्य. रात्री पाहुणे एका शंकुगृहात चटयांवर, गोलाकार ओळीत, शेजारी शेजारी झोपतात. त्यांच्याकडून येणाऱ्या पैशाची व्यवस्था गावाची संस्था पाहते. पूर्वी उत्पन्नाचे साधन मुख्यतः कॉफी होते. आजही अंगणात कॉफी वाळत घातलेली दिसते. तिची पोती डोक्याखांद्यांवरून खाली जातात आणि येताना तांदूळ वर येतो. तीन तासांची चढण दोन्ही वेळा माणसाच्याच पाठीवर पडते.

रस्ता वरपर्यंत आणला तर हे कष्ट संपतील, रुग्णाला वेळेवर औषध मिळेल. पण रस्त्याबरोबर विटा, पत्रे आणि सिमेंटही वर येईल, आणि पायी चढून येणारा प्रवासी कदाचित येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या माणसाने देऊ नये हेच बरे. पोते त्याच्या खांद्यावर नसते. गावापुढचा खरा पेच दुसरा आहे. कोम्बोच्या शाळेतून पुढे रुतेंगसारख्या शहरात शिकलेला मुलगा वर येऊन काय करील? वाटाड्या होईल, पाहुण्यांसाठी रांधील, कॉफी भाजून वर बांधलेल्या पुडीत विकील. काहीजण तसे करीतही आहेत. परंतु सहा-आठ कुटुंबांच्या सामाईक चुलीशी, स्वतःच्या दाराला कडी नसलेल्या घरात, शिकलेली सून नांदेल का, याचा अंदाज कोणत्याही पुरस्कारावरून करता येत नाही.

नोव्हेंबरात ‘पेंती’ येते. सरत्या वर्षाचे आभार आणि नव्या वर्षासाठी मागणे असा हा सण. बहुतेक गावकरी कॅथलिक आहेत. तरीही पेंतीच्या दिवशी पूर्वजांचा मान पहिला. अंगणाच्या मध्यावरील दगडी ओट्याशी विधी होतात. त्या दिवसांत कोम्बोतील नातेवाईक जंगलाची वाट चढून वर येतात, आणि ज्याची शाखा ज्या घराची, तो त्या घरात आपल्या चुलीपाशी जाऊन बसतो. सण संपला की मुले वह्या-दप्तर घेऊन पुन्हा उतरणीला लागतात. वर उरलेली माणसे चूल पेटती ठेवतात.